खिशाखालचा डाग

"फुडे सरा, फुडे जागा आसा!"

मामा असं ओरडायचे तेव्हा पुढे जागा नाही हे बसमधल्या सगळ्यांना ठाऊक असायचं. ओरडून झालं की ते बसच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारायचे, शिट्टी फुंकायचे, आणि दारात लोंबकळणारी माणसं कुठल्या कुठे आत शिरायची. डिचोलीहून अस्नोडा, म्हापसा, कोलवाळचा पूल करत पेडण्याला जाणारी ती खाजगी बस होती. मी पेडण्याच्या शाळेत मराठी शिकवायला रोज तिनेच जायचे. इतकी वर्षं त्या बसमध्ये चेंगरून घेतलं, पण मामांच्या त्या हाकेवर कोणी चिडलेलं मला आठवत नाही. हाक मारणारा माणूस स्वतः सगळ्यांत जास्त चेपला जायचा, हे कारण असेल.

मामा मूळचे दोडामार्गाकडचे. लग्नाआधीच डिचोलीत आले आणि पाळी गावच्या खाणीत खनिजाच्या ट्रकवर लागले. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक दारात उभा राहिला, त्याच्या चाकांतून गवत वर आलं, आणि मामांनी कंडक्टरची पिशवी गळ्यात घातली. कपड्यांची त्यांना फार निगा. खाकी शर्टाला कडक इस्त्री, मिशीला दर रविवारी कात्री, आणि गावच्या देवाच्या पालखीला पुढचा खांदा त्यांचाच. "पालखयेक हात लावचो तर छातयेत दम होयो," असं ते पोरांना सांगायचे आणि बोलताना छाती जराशी पुढे काढायचे. असे पुरुष तुमच्याही गावात असतील. त्यांचं दुखलंखुपलं कोणी विचारत नाही, कारण त्यांना काही दुखत असेल असं कोणाच्या मनातच येत नाही.

त्यांच्याशी माझी खरी ओळख माझ्या आजारपणामुळे झाली.

मला उजव्या बाजूच्या स्तनाग्रातून रक्त यायला लागलं होतं. दुखत काहीच नव्हतं. आतल्या कपड्यावर चवलीच्या नाण्याएवढा डाग पडायचा, बस. म्हापशाच्या डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे कळलं की दुधाच्या नळीत आतल्या बाजूने चामखिळीसारखी एक गाठ वाढली आहे. कॅन्सर नव्हे. पण काढून तपासल्याखेरीज खात्री देता येत नाही, म्हणून छोटं ऑपरेशन झालं. गाठ साधीच निघाली. तिच्या कडेच्या काही पेशी मात्र जराशा वेगळ्या दिसल्या, म्हणून मला दर वर्षी तपासणीला यायला सांगितलं. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. घरात मी आणि सासूबाई. शाळेत मी पोटाचं काहीतरी म्हणून सांगितलं होतं. पण आमच्या वाड्यावरची एक नर्स त्याच बसने जायची, त्यामुळे मी कामावर परतायच्या आधीच बसला सगळं कळलेलं होतं.

पहिल्या दिवशी मी चढले तर मामांनी एका कॉलेजकुमाराला उठवून मला खिडकीशी बसवलं. "बाई, जनेलाकडे बसा. हय कोण धक्को मारूचो नाय." आणि म्हापशापर्यंत ते माझ्या सीटच्या दांडीला हात आडवा लावून उभे राहिले. लोकांची कोपरं, पिशव्या, छत्र्या त्यांच्या हातावर आपटत होत्या. त्यांनी एक शब्द विचारला नाही. तसं ते पंधरवडाभर उभे राहिले.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. एका सकाळी पेडण्याच्या स्टँडवर बस रिकामी झाली आणि मी उतरायला लागले, तेव्हा मामा पायरीशी घुटमळले.

"बाई, एक इचारू? तुमका त्यावेळी जा काय झाला होता, ता पयलां कसा कळला?"

मी चमकले. पुरुषाने हा प्रश्न विचारावा असं आमच्याकडे नसतं. त्यांनी लगेच खाली बघत म्हटलं, "माज्या बायलेक तसाच काय तरी झालासा वाटता."

मग मी सगळं सांगितलं. दुखतं का, विचारलं. "दुकणाबिकणा काय नाय. रगत येता. थोडा. डाग पडता." एकाच बाजूने? "एकाच." मी म्हटलं, मामींना उद्याच्या उद्या घेऊन जा. बहुतेक वेळा ही गाठ साधी असते, पण तपासल्याशिवाय घरात बसून ठरवायचं नाही. मामांनी मान डोलावली.

आठवड्याने विचारलं तर म्हणाले, "ती आयकणा नाय." पुढच्या आठवड्यात, "लाजता." त्याच्या पुढे, "भियाली हा." मला मामींचा राग यायला लागला. मी म्हटलं, मीच येते घरी, बायकांचं बायकांत बोलते. त्यावर मामा इतके घाबरले की हातातली तिकिटं खाली सांडली. "नको, नको! तिका कळात मी तुमका सांगलंय म्हणान."

याच सुमारास मामांनी माझ्याकडे एक पेन मागितला.

"बाई, एक तांबडो पेन गावतलो?"

शिक्षकाच्या पिशवीत तांबड्या पेनांना काय तोटा? मी दिला. त्यांनी तो डाव्या खिशाला लावला. कंडक्टरला तांबडा पेन कशाला, असा प्रश्न मला पडायला हवा होता. दोन दिवसांनी त्यांच्या त्या खिशाखाली तांबूस डाग दिसला. दारातल्या एकाने विचारलं, तेव्हा मामा मोठ्याने हसले. "बाईंच्या पेनान घात केल्यान. इस्त्रीचो शर्ट गेलो!" सगळी बस हसली. मीसुद्धा हसले, आणि हसता हसता थांबले.

वह्या तपासण्यात माझी हयात गेली. तांबड्या शाईचा डाग कसा दिसतो हे मला पाठ आहे. तो जुना झाला की फिका गुलाबी होतो. हा डाग मध्ये तांबूस होता आणि कडेला त्याने तपकिरी वेढी धरली होती. अशी वेढी मी माझ्या स्वतःच्या कपड्यांवर पाहिली होती. आणि शर्टाच्या आत, खिशाच्या खाली, काहीतरी चौकोनी जाड दिसत होतं. घडी घातलेला रुमाल. तीसुद्धा माझीच युक्ती.

त्या दिवशी पेडण्याला मी मुद्दाम शेवटी उतरले. ड्रायव्हर चहाला गेला होता.

"मामा, मामींना काही झालेलं नाही ना?"

ते बसच्या दांडीला धरून उभे होते. त्यांनी दारातून बाहेर बघून घेतलं. मग म्हणाले, "हळू बोला, बाई."

बसमध्ये आमच्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

"मी बाप्या माणूस. माका ह्या कसा होतला? बायलांचा दुखणा माका खयसून इला?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "गणपतीपासून येता. आंग धुताना हात लायलंय तर बारीक गाठ लागता. कोणाक सांगू? डाक्तराक काय सांगू? भायर लाइनीत लोक बसलेले आसतत, ते इचारतत, काय झाला मामा? स्टँडावर ही पोरां आसत, तांका कळला तर माका जल्मभर बाई म्हणान हाक मारतली." त्यांनी छातीवरची पिशवी सारखी केली. "यंदा पालखयेक गेलंय नाय. पाठ दुकता म्हणान सांगलंय. थय उघड्या अंगान रवचा लागता."

छाती पुढे काढून बोलणारा हा माणूस खांदे आत घेऊन उभा होता. मी त्या गाठीला घाबरले होते, हे खरं. पण निदान मला जायला एक दार होतं. बायकांचा दवाखाना, बायकांची रांग. यांच्यासाठी तसं दारच नव्हतं कुठे.

मी म्हटलं, माझी वर्षाची तपासणी या महिन्यात आहेच. तुम्ही माझ्याबरोबर चला. कोणी विचारलं तर सांगा, बाईंना घेऊन आलोय.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणाक सांगू नकात. घरात सुदीक."

मी कबूल केलं. असं कबूल करताना आपण कशाला बांधले जातोय हे त्या क्षणी लक्षात येत नाही.

इस्पितळात आम्ही सकाळीच पोचलो. व्हरांड्यात लांब बाक होतं आणि त्यावर सगळ्या बायका. मांद्र्याची एक कोळीण, बेळगावकडची बांधकामावरची एक बाई, काणकोणच्या दोघी बहिणी. मामा बाकाच्या टोकाला अर्धवट बसले, जणू कोणत्याही क्षणी उठून शिट्टी मारायची आहे. कोळणीने विचारलं, "कोणाक हाडलां?"

"बाईंक घेऊन इलंय," मामा ताबडतोब म्हणाले. त्यांनी ते घोकून ठेवलं होतं.

"बरो माणूस," कोळीण मला म्हणाली. "म्हजो घोव रस्त्यार स्कुटराकडे उबो आसा. भितर येना."

मग नर्सने दारातून नाव पुकारलं. पुरुषाचं नाव. बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मामा हलले नाहीत. नर्सने पुन्हा पुकारलं. मामा समोरच्या भिंतीवरच्या पोस्टरकडे असे बघत होते की ते नाव त्यांनी जन्मात ऐकलं नसावं. शेवटी मी उठले. मी उठले तसे तेही उठले आणि मला आत पोचवायला आल्यासारखे माझ्या मागून चालत आले. दार बंद झाल्यावर नर्सने माझ्याकडे बघून विचारलं, "पेशंट कुठे?" मी मामांकडे बोट दाखवलं.

डॉक्टर एक बाईच होत्या, चाळिशीच्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्यांनी तपासलं, आणि म्हणाल्या, "पुरुषांतही या नळ्या असतात, मामा. कामाच्या नसतात, म्हणून कोणी त्यांची चौकशी करत नाही. क्वचित होतं असं, पण होतं." मग त्यांनी हेही सांगितलं की पुरुषाला असं रक्त आलं तर थांबायचं नसतं, कारण त्यात वाईट गाठ असण्याची शक्यता बायकांपेक्षा जास्त धरावी लागते. "लवकर यायला हवं होतं."

मामांनी मान खाली घातली. "वाट दिसूक नाय, डाक्तर."

सोनोग्राफी झाली, मग छाती चेपून फोटो काढणारं मॅमोग्राफीचं यंत्र. मी बाहेर थांबले. मामा बाहेर आले ते शर्टाची बटणं चुकीच्या काजांत अडकवून.

"चेपल्यान, बाई. सोमवारच्या पयल्या बशीत चेपतत तसा. हय मांस खय आसा चेपूक? तरी ओढून ओढून चेपल्यान." मग खालच्या आवाजात, "आणि ती यंत्रावरची पोरगी म्हणता, श्वास धरून रवा. सा म्हयने झाले, बाई, धरूनच आसंय."

सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा निकाल आला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, गाठ साधी दिसते आहे, पण सुईला सगळी गाठ दिसत नाही, म्हणून ती पूर्ण काढून पुन्हा तपासायची. मामांनी त्या वाक्यातला 'पण' तेवढा ऐकला. परतीच्या प्रवासात ते खिडकीबाहेर बघत राहिले. स्वतःच्या नसलेल्या बसमध्ये त्यांना कसं उभं राहावं, कसं बसावं कळत नव्हतं.

आता या गोष्टीत जो घोटाळा झाला तो मामांनीच केला. दोन-तीनदा रजा घ्यायची तर ड्रायव्हरला कारण सांगायला हवं. त्यांनी सांगितलं, "बाईंच्या तपासणयेक जातंय. तेंचो घोव बोटीर, सोबत कोण नाय." ड्रायव्हरने ते चांगल्या मनाने चार जणांना सांगितलं. चार जणांनी ते तितक्या चांगल्या मनाने पुढे सांगितलं नाही. डिचोलीच्या बाजारात मासळीच्या टोपलीपाशी ते मामींच्या कानावर गेलं.

एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर मामी आमच्या अंगणात उभ्या होत्या. सासूबाई ओट्यावर आमसोलं वाळत घातलेलं सूप घेऊन बसल्या होत्या. मामींना मी देवळात दोन-चारदा पाहिलं होतं. उंच, काटक, बोलायला मोजक्या. त्या बसल्या नाहीत. पाणीही घेतलं नाही.

"बाई, माज्या घोवाक खय घेवन जातात तुमी?"

सासूबाईंचे हात सुपात थांबले.

मी म्हटलं, "मामी, तुम्हाला वाटतंय तसं काही नाही."

"मगे कसा हा?"

खरं सांगावं तर शब्द मोडतो. न सांगावं तर माझ्याच अंगणात, माझ्या सासूसमोर, मी गुन्हेगार ठरते. मी म्हटलं, "मला सांगता येणार नाही." यापेक्षा वाईट वाक्य मला सुचणं शक्य नव्हतं.

"नाय सांगता येवचा," मामी म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. "लगीन झाल्यापासना ह्या माणसान सादो रुमाल पाण्यातसून काढूक नाय. आता गंजी आपलो आपण धुता. दार लावन धुता. आणि वाळत खय घालता, म्हायत हा? न्हाणयेत. उन्हात सुदीक घालना नाय. बायलेन बघूचो नाय असो गंजी कोणाचो आसता, बाई? तुमी शिकलेली माणसां. तुमीच सांगा माका."

माझे डोळे भरून आले, आणि ते त्यांना पुरावाच वाटले असणार. मी आत गेले आणि मामांना फोन लावला. एवढंच म्हटलं, "मामी इथे आल्यात. तुम्ही या. मला आता हे आणखी सांभाळता येणार नाही."

ते स्टँडवरून चालत आले. गळ्यात पिशवी तशीच. अंगणात शिरताच त्यांनी मामींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओट्यावरच्या सासूबाईंकडे पाहिलं. पळून जायला जागा नव्हती. मग त्यांनी पिशवी गळ्यातून काढून जमिनीवर ठेवली आणि शर्टाची बटणं सोडायला लागले. सासूबाईंनी तोंड फिरवलं. तिसरं बटण काजातून सुटेना, तेव्हा मामीच पुढे झाल्या आणि त्यांनी उरलेली बटणं सोडली.

गंजीच्या आत घडी घातलेला रुमाल होता. मामींनी तो बाहेर काढला. डाग पाहिला. उलटा करून पुन्हा पाहिला.

"ह्या काय?"

मामांनी सांगितलं. अडखळत, सगळं. रक्त, गाठ, यंत्र, सुई, ऑपरेशनची तारीख. मामी ऐकता ऐकता अंगणातच खाली बसल्या. त्यांना बरं वाटलं असावं आणि भीतीही वाटली असावी, दोन्ही एकदम. पहिला बाहेर आला तो मात्र राग.

"बाईंक सांगलंस. माका नाय?"

"तुका काय वाटला आसता..."

"माका काय वाटला आसता! माका काय काय वाटला ह्या म्हयन्यात, ता तुका म्हायत हा?" त्यांनी रुमाल मुठीत आवळला. "हो मीठ घालून थंड पाण्यात धुवचो आसता. तू ऊन पाण्यात धुतलंस. म्हणान डाग रवलो. इतक्यासुदीक येणा नाय तुका."

त्या दिवसापासून मामांचे गंजी पुन्हा मामी धुवायला लागल्या आणि अंगणात, उन्हात वाळायला लागले.

ऑपरेशनला मी गेले नाही. मामी गेल्या. स्तनाग्राच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने बारीक छेद घेऊन गाठ आणि ती नळी काढली. दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाने विचारलं, कसलं ऑपरेशन? मामांनी चादर गळ्यापर्यंत ओढली, तेव्हा मामीच म्हणाल्या, "हर्निया." त्या माणसाचाही हर्नियाच होता. तो रात्री जेवण होईपर्यंत मामांना हर्नियाबद्दल सल्ले देत होता, आणि मामा एकेका सल्ल्यावर मान डोलावत होते.

निकाल ऐकायला मला बोलावलं. आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो. गाठ साधी होती. पूर्ण निघाली होती. कडेच्या पेशीही चांगल्या होत्या, माझ्यापेक्षा चांगल्या. औषध नाही, किरण नाहीत, काही नाही. सहा महिन्यांनी एकदा दाखवायचं, मग वर्षातून एकदा. पुन्हा रक्त आलं किंवा गाठ लागली तर लगेच यायचं, एवढंच.

"सोपला?" मामांनी विचारलं.

"संपलं," डॉक्टर म्हणाल्या.

"सोपला तर मगे परत कित्याक बोलायतात?"

हा प्रश्न मी स्वतःला दर वर्षी विचारते. डॉक्टरांनी नीट समजावलं. मामांनी नीट ऐकलं. पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांची सुटका अर्धीच झाली आहे. ज्याच्या अंगाने एकदा दगा दिला त्याला डॉक्टरचा कागद पुरत नाही. त्याला रोज सकाळी उठून स्वतःच खात्री करून घ्यावी लागते.

मामा रोज खात्री करत. शर्टात रुमाल ठेवायचं त्यांनी पुढे कित्येक महिने सोडलं नाही. आणि मी बसमध्ये चढले की ते मला निकाल सांगत. "बाई, हवा कोरडी आसा." पहिल्यांदा मला अर्थ लागला नाही. नंतर लागला, तेव्हा हसू आवरेना. मृगाचा पाऊस पत्र्यावर कोसळतोय, छत्र्यांचं पाणी सगळ्यांच्या पायांवर निथळतंय, आणि मामा दारात उभे राहून गंभीरपणे सांगताहेत, हवा कोरडी आहे. लोकांना वाटायचं मामांचं डोकं फिरलं. मी म्हणायचे, "बरं झालं, मामा." इतकंच आमचं बोलणं. त्यात सगळं यायचं.

तपासणीला आम्ही पुढची तीन-चार वर्षं बरोबर गेलो, आता तिघं. डॉक्टर दर वेळी दोघांनाही सांगायच्या, सगळं ठीक. पण व्हरांड्यातल्या बाकावर कोणी ना कोणी विचारायचंच, काका, कोणाला आणलंय? दर वेळी मला वाटायचं, आज सांगतील. एकदा एक अगदी कोवळी मुलगी शेजारी बसून रडत होती. मामींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने मामांना विचारलं, तुमच्या घरात कोणाला झालं होतं का, बरं होतं का यातून? मामांनी तोंड उघडलं. मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "होता. बरा होता. ह्या बाईंक झालेला, बघ. कशी ठणठणीत आसत!"

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे पुसले. तिचं काम झालं होतं. पण मामा उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

गेल्या शिगम्यानंतर एका सकाळी बसला दुसराच कंडक्टर होता. ड्रायव्हरनेच सांगितलं. मामा पहाटे आंघोळीला उठले, छातीत कळ आली म्हणाले, ओट्यावर बसले, आणि गाडी येईपर्यंत संपले होते. हृदयविकार. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं.

मी भेटायला गेले तेव्हा घरात बरीच माणसं होती. ओट्यावर बसच्या ओळखीचे लोक, स्टँडवरचे ड्रायव्हर, पालखीचे मानकरी. आत बायका. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी. मी त्यांच्याजवळ बसले. मुंबईहून आलेली लांबची एक नातेवाईक शेजारणीला सांगत होती, आवाज दबका पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "हार्टबिर्ट काही नाही हो. त्यांना कॅन्सर होता. चार वर्षं लपवला. इस्पितळात जायचे ना चोरून? तो एकदा लागला की सोडतो का?"

ओट्यावरची बोलणी थांबली. मला वाटलं आपण काहीतरी म्हणायला हवं, पण इतक्या वर्षांच्या सवयीने माझी जीभ उचलेना.

मामी उठल्या. भिंतीला हात धरून उठल्या आणि उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या, म्हणजे आतल्यांनाही दिसतील आणि बाहेरच्यांनाही.

"तेंका कॅन्सर नाय होतो," त्या म्हणाल्या. "तेंच्या थानात गाठ झालेली. थानात. बाप्यांकय आसता थान, आणि तेच्यात गाठय होता. साधी गाठ होती. डाक्तरान ती काडून टाकल्यान आणि ती तेव्हाच सोपली. वरसावरसाक मी वांगडा जाय होतंय, डाक्तर माज्या समोर सांगी, सगळा बरा आसा. माजो घोव त्या गाठीन गेलो नाय. काळजान गेलो. कोणाक इचारूचा आसात तर माका इचारा."

पालखीच्या मानकऱ्यांपैकी एकाने टोपी काढून मांडीवर ठेवली. ती नातेवाईक पदर सारखा करत उठली आणि पाणी प्यायला आत गेली.

मामी परत माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचा हात थंडगार होता. मी तो धरला.

"कोणाक सांगा नको म्हणान माज्याकडसून शपथ घेतलेल्यान," त्या म्हणाल्या, फक्त मला ऐकू येईल असं. "आता रागार जांव दे. येव दे भांडूक."

आणि मग त्या रडायला लागल्या.